नवव्या डावातला उरलेला चेंडू

पाणी पिण्याआधी मायाव त्यात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचा. तांदळाची दारू असो, चहा असो की मैदानावरचं साखर-मिठाचं पाणी. पूर्वजांना दिल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. बूट घालताना डावा आधी. बसमध्ये जागा ड्रायव्हरच्या मागची. बायकोनं खारवलेल्या डुकराच्या मांसाची बरणी हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि वासावरून जो कुरकुर करेल त्यालाच पहिला तुकडा द्यायचा. फलंदाज बाद झाला तरी त्याच्याकडे बघायचा नाही. बुटाच्या टोकानं माती सारखी करायचा. दुपारी घरी फोन करायचा आणि आधी विचारायचा, "समुद्र कसा आहे आज?"

चौदा वर्षं तो व्यावसायिक बेसबॉल खेळला. डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. सुरुवात करणारा नाही आणि शेवट करणाराही नाही. पहिल्या पिचरचा हात सहाव्या-सातव्या डावात थकला की मायावला बोलवायचे. दहा-पंधरा चेंडू टाकून, दोघा-तिघांना बाद करून तो परत येऊन बाकावर बसायचा. सामना संपतो त्या क्षणी मैदानाच्या मध्यावर उभा असलेला मायाव कुणी कधी पाहिला नव्हता. त्याबद्दल छेडलं तर म्हणायचा, "लग्नाच्या जेवणात भात कुणी शिजवला, हे विचारतं का कुणी?"

त्याचं गाव ताइतुंगच्या किनाऱ्यावर, आमिस आदिवासींचं. तिथे एकाच वर्षी तरुणांत घेतलेल्या मुलांचा एक गट होतो आणि तो मरेपर्यंत टिकतो. दर पाच वर्षांनी गट एक पायरी वर चढतो. ऑगस्टात सुगीचा सण असतो, सगळे रिंगण धरून नाचतात. गटातला कुणी आला नाही, तर त्याची जागा भरत नाहीत. शेजारचे दोघं मध्ये अंतर सोडून नाचतात.

मायावची जागा चौदा वर्षं मोकळी होती, कारण ऑगस्टात सामने ऐन भरात असतात. त्याच्या शेजारी नाचायचा कुलास. मासेमारी करणारा, गटाचा म्होरक्या. दर वर्षी सण संपला की फोन करायचा. "तुझ्या मोकळ्या जागेतून वारा येतो रे. माझा खांदा धरला."

या वर्षी गट वर चढणार होता, तोही गावाचा कारभार पाहणाऱ्या पायरीवर. आधीच्या पायऱ्यांना गैरहजेरी चालून गेली; या पायरीला मात्र जो रिंगणात नसेल तो पुढची पाच वर्षं खालीच राहणार, धाकट्या गटातल्या पोरांबरोबर पाणी भरत. सूट फक्त दवाखान्यात असलेल्याला, नाहीतर भर समुद्रात असलेल्याला. बेसबॉल त्या यादीत नव्हता.

मार्चमध्येच मायावनं कोच श्यू यांच्याकडे एका दिवसाची सुट्टी मागितली.

"लग्न आहे कुणाचं?"

"नाही."

"कुणी गेलं का?"

"नाही, कोच. मी मोठा होणार आहे."

श्यूंनी चष्मा वर केला. "छत्तिसाव्या वर्षी?"

"आमच्याकडे उशीर लागतो."

सुट्टी मिळाली.

रिंगणाच्या आदल्या दिवशी सामना ताइनानला होता, यजमानांच्या मैदानावर. आठ डाव मायावचा संघ मागे होता. नवव्यात फलंदाजी जमली आणि तीन-दोन अशी आघाडी मिळाली. आता यजमानांचे तीन फलंदाज बाद करायचे, की संपलं. नेहमी शेवट करणाऱ्या पिचरची पाठ सकाळपासून आखडली होती. श्यूंनी बाकावर नजर फिरवली.

"मायाव, जा."

तो गेला. पहिला बाद झाला. दुसरा झेलबाद झाला. तिसऱ्याला दोन स्ट्राइक पडले, म्हणजे दोन नीट चेंडू त्याला मारता आले नाहीत; एक चेंडू बाहेर गेला. अजून एक स्ट्राइक पडला की तोही बाद. मायावनं चेंडू बोटांत फिरवला, आणि वीज कडाडली. अंपायरनं दोन्ही हात वर केले. माणसं ताडपत्री घेऊन धावली. दीड तास सगळे पाऊस थांबायची वाट बघत बसले. मैदानाचं भातशेत झालं.

नियम असा की असा सामना मोडत नाही, थांबतो. दुसऱ्या दिवशी चार वाजता, त्याच फलंदाजापासून, त्याच एका चेंडूपासून पुढे.

कपडे बदलायच्या खोलीत यानशू, फलंदाजामागे बसून त्याचे चेंडू झेलणारा कॅचर, त्याच्या शेजारी येऊन बसला. "दादा, एकच चेंडू. टाक आणि जा."

"गावात रिंगण चारलाच आहे."

"टॅक्सी कर."

"मध्ये अख्खा डोंगर आहे. टॅक्सी काय उडणार?"

यानशूनं हातमोजा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ते रिंगण पुढच्या वर्षी असेलच की."

"हो. पण मी पोरांमध्ये असेन."

"मग काय बिघडलं? केस काळे कर."

मायाव हसला. पण बूट काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तो चेंडू त्याला टाकायचा होता. तळहाताला अजून त्याची शिवण जाणवत होती. हंगाम संपला की आपल्याला नवा करार मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं घरी फोन लावला. बायको सावमा सगळं ऐकून घेत राहिली.

"तुला टाकायचाय?"

"हो."

"मग टाक. कुलासला मी सांगते."

"काय सांगशील?"

"नवरा कामावर आहे म्हणून. चौदा वर्षं तेच सांगतेय. तोंडपाठ आहे."

टोमणा नव्हता तो. तिनं साधं सांगितलं होतं. मायावनं फोन ठेवला. मग उठून श्यूंच्या खोलीवर गेला.

"कोच, माझी उद्याची सुट्टी आहे तशीच राहू द्या."

"सामना संपवल्याची एकसुद्धा नोंद नाही तुझ्या नावावर."

"माहीत आहे."

"अशी वेळ पुन्हा येईल, असं मी सांगू शकत नाही."

"नका सांगू."

श्यूंनी टेबलावरचा कागद इकडचा तिकडे केला. "जाऊन करणार काय तिथे?"

"आधी शिव्या खाईन. मग नाचेन."

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो निघाला. गावात पाय ठेवताच कुलास ओरडला, "पाहुणे आले रे, खुर्ची आणा." खुर्ची आली नाही, काळी पडलेली पातेली आली. सगळी घासायला लावली. गटातले एकेक येऊन कुठे काळं राहिलंय ते दाखवून जात होते. त्याच्या गुडघ्यावर राख आली, घाम डोळ्यांत गेला. चौदा वर्षांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

चारला रिंगण झालं. कुलासनं त्याचा हात धरला. पायांचा ठेका मायाव विसरला होता. तो उजवीकडे जायचा, रिंगण डावीकडे.

"चेंडू टाकतोयस का नाचतोयस?" कुलास म्हणाला.

"तू ओढ. मी येतो."

म्हाताऱ्यांनी एकेकाचं नाव घेतलं. मायावचं घेतलं, तेव्हा त्याला ओ द्यायला जरा उशीर लागला. लागला, पण दिला.

त्याच वेळी ताइनानच्या फळ्यावर नववा डाव, दोन बाद, दोन स्ट्राइक, एक बाहेर, असंच लिहिलेलं होतं. दुसरा पिचर चालत मध्यावर गेला. यानशूनं नंतर सांगितलं, त्यानं एकच चेंडू टाकला, बाहेरच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर, आणि सामना संपला. फलंदाजानं बॅट हलवलीसुद्धा नाही.

"मीही तिथेच टाकणार होतो," मायाव म्हणाला.

"मला माहीत आहे. हातमोजा मी तिथेच धरला होता."

ऑक्टोबरात मायावनं खेळ सोडला. नोंदवहीत त्या दिवसापुढे त्याच्या नावावर दोन बाद आहेत. तिसरा फलंदाज बाद करायचा राहिला.