उमेदवारकाकांचा खळीवाला

उमेदवारकाकांना मताचा अधिकार नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. ज्या माणसाला अमेरिकेच्या पुढच्या अध्यक्षाची एवढी काळजी, तो ग्रीन कार्डावर राहतो आणि भारताचा पासपोर्ट कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपतो, हे कुणाला खरं वाटणार? विचारलं तर म्हणायचे, "पुढच्या वर्षी परत जायचंच आहे, वहिनी. कशाला उगाच बदलाबदली?" हे पुढचं वर्ष मी त्यांच्या तोंडून अठरा वेळा ऐकलं.

अमेरिकेत पिस्कॅटवे गावात विद्यापीठाजवळ माझं घर होतं. मिस्टर गेल्यावर मी आपल्याकडून शिकायला आलेल्या मुलांना रात्रीचं जेवण घालायला लागले. मुलं मला मावशी म्हणायची. काका मिस्टरांच्या कंपनीतले इंजिनियर, पंप बनवायचे. त्यांची बायको नागपूरला मुख्याध्यापिका. तिला तिथली नोकरी सोडायची नव्हती आणि यांना इथली. म्हणून तेही माझ्याकडेच जेवत. मी त्यांना भाऊजी म्हणायची. उमेदवारकाका हे नाव मुलांनी ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे पुढे पोस्टमनलाही कळलं असतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अध्यक्षांची दुसरी पाळी संपायची होती आणि दुसऱ्या पक्षातले सात-आठ जण बाशिंग बांधून बसले होते. त्यातला कोण पक्षाचा उमेदवार होणार, हे ओळखायचा मक्ता काकांनी घेतला. पेपरातले फोटो कापून त्यांनी माझ्या फ्रिजवर लावले. माझ्या, त्यांच्या नव्हे. रोज जेवायच्या आधी हात धुवायचे आणि फोटो खालीवर करायचे. एखाद्यानं माघार घेतली की त्याचा फोटो उलटा लावायचे आणि त्या दिवशी गोड खायचे नाहीत. मी म्हटलं, "सुतक किती दिवसांचं, भाऊजी? लोणच्याला हात लावायला चालेल का?" ते म्हणाले, "थट्टा करू नका, त्याला मध्यावर चांगला पाठिंबा होता." हा मध्य कुठं आहे, मला अजून कळलेलं नाही.

उमेदवार तपासायची त्यांची पद्धत मात्र अस्सल आपली. मुलीला स्थळ बघावं तसं बघायचे. "याचं घराणं चांगलं आहे, पण बोलताना मान खाली." "हा हुशार आहे, पण सासऱ्याच्या पैशावर उभा." "याची बायको फोटोत एकदाही हसलेली नाही, वहिनी, हा टिकत नाही, लिहून ठेवा." मी लिहून ठेवत नसे. मला चौथीपर्यंतचंच लिहिता येतं, ते मी वाण्याच्या यादीसाठी राखून ठेवलं होतं. मोमेंटम हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे काय विचारलं तर म्हणाले, "उताराला लागलेली बैलगाडी." मग ती गाडी दर आठवड्याला वेगळ्याच्या दारात कशी असते, हे मी विचारलं नाही. मिलिंद नावाचा मुलगा होता, तो विचारायचा. "काय यार काका, सोमवारी तर तुम्ही चष्मेवाल्याला विन केलं होतं!" काका शांतपणे पोळीचा तुकडा मोडत म्हणायचे, "सोमवारची परिस्थिती वेगळी होती."

त्यांचा खरा जीव एकावर होता. गालाला खळी पडणारा एक गव्हर्नर. नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं असतील, उगाच कशाला. आम्ही त्याला खळीवाला म्हणायचो. फ्रिजवर त्याचा फोटो कायम सगळ्यात वर. बाकीचे खालीवर व्हायचे, हा देवासारखा स्थिर.

आता माझं सांगते. माझी आई कराडजवळच्या गावात एकटी होती. भाऊ वारला होता, भावजय माहेरी गेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेजारीण भाकरी द्यायची तेव्हा जेवायची. पत्र शेजारणीची पोरगी लिहायची, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य: "आजी विचारते, कधी येणार?" मला जाऊन राहणं शक्य नव्हतं. घराचा हप्ता इथं होता. आईला इकडे आणायचं तर मला अमेरिकेची नागरिक व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी इंग्रजीत तोंडी परीक्षा. शंभर प्रश्नांचा कागद मिळतो, त्यातले थोडे विचारतात.

काका म्हणाले, "मी शिकवतो." मी बावळट, हो म्हटलं.

दीड महिना शिकवणी चालली. पोळ्या लाटता लाटता मी प्रश्न म्हणायची, ते ओट्याला टेकून उत्तरं सांगायचे. सध्याचा अध्यक्ष कोण, हा अगदी सोपा प्रश्न. तर काका म्हणाले, "त्याला सोडा, तो निघालाच आहे. निघालेल्या माणसाची काय चौकशी? पुढचा लक्षात ठेवा." आणि मला खळीवाल्याचं नाव घोकायला लावलं, आडनावासकट, जीभ कशी वळवायची ते दाखवून. आपल्या राज्याचे दोन सिनेटर कोण, या प्रश्नावर म्हणाले, "आपले दोघे उभेच नाहीत, त्यांच्यात काय आहे? उभे आहेत ते हे दोघे." अध्यक्ष कोण निवडतं, तर म्हणाले, "खरं सांगू का? आयोवा. उमेदवार ठरवायची पहिली बैठक त्या राज्यात, तिथं जो पडला तो संपला."

मी सगळं पाठ केलं. मला शिकवलेलं सगळं पाठ होतं, हा माझा लहानपणापासूनचा दोष.

डिसेंबरात परीक्षा झाली. टेबलापलीकडे जाड भिंगांचा चष्मा लावलेली गोरी बाई होती. तिनं विचारलं, अध्यक्ष कोण? मी खळीवाल्याचं पूर्ण नाव सांगितलं, जीभ वळवून. ती बघत राहिली. मग सिनेटर विचारले. मी दोन भलत्याच राज्यांचे दिले. मग विचारलं, अध्यक्षाला कोण निवडतं? मी म्हटलं, आयोवा. ती बाई इतकी हसली की तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, हे उत्तर बरोबर धरायची माझी फार इच्छा आहे, पण धरता येत नाही. नापास. तीन महिन्यांनी परत या.

त्या संध्याकाळी मी काकांपुढे ताट ठेवलं नाही. मुलं माना खाली घालून जेवत होती. काका म्हणाले, "वहिनी, काय विचारलं?"

"तुमच्या खळीवाल्याबद्दल विचारलं. मी सांगितलं तोच अध्यक्ष आहे."

"पण तो अजून..."

"अजून नाही ना? मग मला कशाला शिकवलंत? माझी आई आंधळी व्हायला आलीय, भाऊजी. तिला तीन महिने म्हणजे काय, ठाऊक आहे? तुम्हाला काय, पुढचं वर्ष नावाचं दुकान उघडून बसलाय. तुमची बायको तिकडे म्हातारी झाली त्या दुकानाच्या पायरीवर."

शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलले. मी बोललेलं परत घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही. काका उठले, कोट घातला आणि उपाशी गेले. मिलिंद म्हणाला, "मावशी, टू मच झालं." मी म्हटलं, "तू भात संपव."

दुसऱ्या दिवशी ते जेवायच्या वेळेआधी तासभर आले. फ्रिजवरचे सगळे फोटो काढले, खळीवाल्याचासुद्धा, आणि तिथं तो शंभर प्रश्नांचा कागद लावला. खाली मराठी अक्षरांत इंग्रजी उत्तरं, ठळक, माझ्या चौथीच्या डोळ्यांना दिसतील अशी. मग म्हणाले, "पहिला प्रश्न. झेंड्यावर चांदण्या किती?"

तीन महिने त्या माणसानं उमेदवारीचा एक शब्द काढला नाही. दारू सोडणारे मी पाहिलेत, तेसुद्धा इतके कासावीस होत नाहीत. मुलं मुद्दाम छळायची. "काका, आयोवात काय होणार?" काका पाण्याचा पेला उचलायचे आणि संपेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. आयोवाची बैठक झाली त्या संध्याकाळी तर मला सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, हे पाच वेळा विचारलं. पाचही वेळा मी नऊ सांगितलं.

मग फेब्रुवारीत एक दिवस मुलं आधी आली आणि मिलिंद दारातूनच म्हणाला, "मावशी, खळीवाला गेला. विथड्रॉ केलं." थोड्या वेळानं काका आले. गळ्याचा मफलर सोडला नाही. ओट्याला टेकून म्हणाले, "सिनेटर एकूण किती?"

"शंभर. आणि तुमचा खळीवाला गेला म्हणे."

"अभ्यासात लक्ष द्या, वहिनी. राज्यं किती?"

मी पन्नास म्हटलं. त्या दिवशी गाजराचा हलवा होता. काकांनी घेतला नाही. मीही आग्रह केला नाही.

मार्चमध्ये मी पास झाले. चष्मेवाली बाई तीच होती. तिनं मला ओळखलं आणि आयोवाचं विचारलं नाही. एप्रिलमध्ये शपथ झाली. त्याच आठवड्यात आईचा अर्ज टाकला, तो काकांनीच भरला, एक रेघसुद्धा चुकली नाही. म्हणजे येत होतं त्यांना.

आमच्या राज्यात पक्षाच्या उमेदवारासाठी मत द्यायची पाळी जूनमध्ये येते. तोवर पंगत उठलेली असते, श्रीखंड संपलेलं असतं, आणि आपण उष्ट्या पत्रावळीपुढे द्रोण घेऊन बसायचं. उमेदवार कोण, ते सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी म्हटलं, कशाला जायचं? काका म्हणाले, "जायचं. मी ड्राइव्ह करतो." शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं. ते आत येऊ शकत नव्हते, गाडीला टेकून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मत मी द्यायचं आणि शर्ट यांचा.

परतताना सिग्नलला त्यांनी विचारलं, "कुणाला दिलंत, वहिनी?"

"मत गुप्त असतं. तुम्हीच शिकवलंत, कागदावर आहे."

"तरी पण."

"ओळखा. तुमचं कामच आहे ते."

त्यानंतर वीस वर्षं ते ओळखत राहिले. आई आली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तिनं काकांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हा का तो? मला वाटलं मोठा असेल." आई पाच वर्षं राहिली आणि माझ्याच घरात वारली. मुलं शिकून पांगली, मिलिंद दूर दक्षिणेत अल्फारेटाला घर घेऊन राहिला. काकू निवृत्त झाल्यावर एकदा येऊन गेल्या, म्हणाल्या, थंडी फार आहे. काका परत गेले नाहीत. दर चार वर्षांनी नवे फोटो फ्रिजवर लागायचे आणि दर चार वर्षांनी जुना प्रश्न यायचा. "वहिनी, चष्मेवाल्याला दिलंत ना? त्याला मोमेंटम होता." मी म्हणायची, नाही. "मग जिंकणाऱ्याला?" मी म्हणायची, खा.

शेवटी हॉस्पिटलात होते तेव्हा मी डबा घेऊन गेले. जेवण जात नव्हतं. पासपोर्ट उशाखाली होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. म्हणाले, "आता तरी सांगा."

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मत वाया घालवलंत. आणि मग त्यांना पुढच्या दिवसापर्यंत ओळखायला काय उरलं असतं?

आता लिहिते. जूनमधल्या त्या दिवशी पडदा ओढून मी यंत्रापुढे उभी राहिले. माघार घेतलेल्यांचीही नावं यादीत तशीच होती. बरीच नावं मला वाचता येईनात. एक मात्र, फ्रिजवरच्या फोटोखाली रोज पाहिलेलं, लगेच वाचता आलं, आडनावासकट, जीभ वळवून. ते मला पाठ होतं. त्याच नावापायी मी एकदा नापास झाले होते. मी त्याचाच खटका ओढला.