काट्यावरची टिकली

पंप बंद केला की ते खिशातून टिकल्यांचं पाकीट काढायचे, एक लाल टिकली बोटाच्या टोकावर घ्यायचे आणि गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायचे, "लावा. काट्याच्या टोकावर. तुमच्या हातानं."

मोंढा नाक्यामागच्या गल्लीत ते गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. इतरत्र दहा मिनिटांत गॅस भरून मिळे. मामा आधी अर्धा तास पंप लावून पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढत. मीटरचा काटा शून्याच्या खाली जाऊन टेकला की पंप बंद, काटा असेल तिथे काचेवर टिकली, आणि मग चहा. अर्ध्या तासाने काटा टिकलीखालीच असला तर गळती नाही. सरकला, तर हवा कुठूनतरी आत शिरतेय. आणि जिथून हवा आत येते तिथूनच उद्या गॅस बाहेर जाणार.

"काटा?" ते गाडीपलीकडून विचारत.

आपण बघून सांगायचं. "जागेवर" म्हटलं की ते गॅस भरत. स्वतः येऊन पाहत नसत. मला ही रीत फार आवडे. स्टाफरूममध्ये मी तिच्यावर भाषणही ठोकलं होतं, पारदर्शकता, ग्राहकाचा सहभाग वगैरे. इतिहास शिकवणाऱ्याला दिसेल त्याचा सिद्धान्त करायची खोड असते.

गळती निघाली तर ते पाइपांत दाबाने नायट्रोजन भरत, जोडांवर साबणाचा फेस लावत आणि कान टेकवून ऐकत. इतरांना बुडबुडे दिसत, मामांना ते ऐकू येत. "कान लई तेज हायेत मामाचे," असं गल्ली कौतुकाने सांगायची. तुम्ही असता तर तुम्हीही तेच सांगितलं असतं.

एकदा एका पुढाऱ्यांची पांढरी गाडी आली. साहेब कुठेतरी फीत कापायला निघाले होते.

"मामा, साहेबांना वेळ नाही. गॅस मारा अन् सोडा," सहायक म्हणाला.

"साहेबांला येळ नसंल. हवेला लई येळ हाय." मामांनी टिकली थेट साहेबांपुढे धरली.

साहेबांनी ती अशा गांभीर्याने लावली की सहायकाने सवयीने फोटो काढला. बघणाऱ्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या. अर्ध्या तासात काटा बोटभर सरकला. साहेब रिक्षाने गेले.

दारावर पत्र्याची पाटी होती : 'इथली गाडी एक उन्हाळा परत येत नाही.' मामांचं दुकान त्या एका ओळीवर चालायचं.

एका मे महिन्यात आमच्या महाविद्यालयात बाहेरगावचे एक विद्वान आले. त्यांना तीन शाली मिळाल्या होत्या आणि आता वेरूळ बघायचं होतं, तेही थंड गाडीतून. ते काम माझ्याकडे आलं. मी माझी गाडी मामांकडे नेली आणि टिकली लावून घड्याळ बघत बसलो. अर्ध्या तासाने पाहिलं, तर टिकलीच्या कडेतून काट्याचं टोक डोकावत होतं. तिळाएवढं.

"काटा?"

"जागेवर."

"नक्की, सर?"

"नक्की, मामा."

वेरूळ छान झालं. विद्वानांनी कैलास लेण्यासमोरही भाषण केलं. तीन आठवड्यांनी एसीतून गरम हवा यायला लागली.

मी गाडी परत नेली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. एकाने पाटीकडे बघत विचारलं, "काय मामा, आली का परत?"

"व्हय, आली. चूक माझी," मामा म्हणाले. मी बॉनेट उघडून दिलं.

त्यांनी फेस लावला, बोटं पाइपावरून सरकवत नेली आणि एका जोडापाशी थांबून कान लावला. "हितं." आतली रबरी रिंग बदलली. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढी गळती असली तर काटा हलतोच, सर."

"तिळाएवढा हलला होता."

"मंग तवा का नाय सांगितलं?"

"घाई होती."

"घाई समद्यांलाच असती. मला वाटलं, मास्तर माणूस..." ते माझ्याकडे बघत बोलत होते, असं मला वाटत होतं. ते माझ्या खांद्याशेजारच्या आरशाकडे बघत होते. "साखरेनं डोळे नेले, सर. दोन वर्सं झाली. माणूस पुसट दिसतो, काटा नाय दिसत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर दुकान चाललंय."

माझा सिद्धान्त तिथेच संपला.

अर्धा तास पंप चालला. मग त्यांनी बोटाच्या टोकावर टिकली धरली. "लावा."

"मामा, दुसऱ्या कुणाला तरी..."

"गाडी कुणाची हाय? लावा."

पुढचा अर्धा तास मी चहाला हात लावला नाही.

"काटा?"

"जागेवर, मामा."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सरळ गॅस भरला.

त्या उन्हाळ्यानंतर शटर उघडलं नाही. मामा पिशोरला मुलीकडे गेले, असं चहावाल्याने सांगितलं. ते माझ्यामुळे गेले असं समजणं म्हणजे स्वतःला फारच महत्त्व देणं. तरी पाटी मात्र त्यांनी मी गेलो त्याच संध्याकाळी उतरवली होती. तेही चहावाल्यानेच सांगितलं.

यंदा एसीसाठी एका नव्या, काचेच्या दारांच्या दुकानात गेलो. कारागीर म्हणाला, "अर्धा तास कशाला थांबायचं, सर? लगेच भरून देतो." मी थांबायचं म्हटलं. गुलमंडीतून घेतलेल्या पाकिटातली टिकली काढून मीटरच्या काचेवर लावली. तो हसला आणि मोबाइल बघत बसला. मी मीटरसमोर उभा राहिलो.

काटा जरासुद्धा हलला नाही. मला कुणी विचारलं नाही.