मांडीवर टाकलेला फेटा

चौघांना सरपंचांनी स्वतःच्या हातानं फेटे बांधले. माझा फेटा घडीसकट माझ्या मांडीवर टाकला. वरून, हात न लावता.

शाळेच्या पटांगणात आम्हा पाच फौजींचा सत्कार होता. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. सगळं गाव, आष्ट्याहून आलेले पाहुणे, पुढं शाळेची पोरं. सरपंच मागं सरकत म्हणाले, "तुला क्षय झालाय गड्या. घरी जाऊन बांध."

गाव हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते रास्त वाटलं.

मी महारवाड्यातला. माझ्या बापाच्या डोक्याला या गावात कुणी कधी हात लावला नव्हता, आणि त्याला तर साधं पडसंही होत नव्हतं. आता शिवाशिवीला डॉक्टरचा दाखला मिळाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! पहिल्या रांगेत सरपंचांचा पुतण्या बसला होता. त्याला हाच रोग, हीच सुई, फक्त सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात. गावात त्याला 'छातीचा अशक्तपणा' म्हणत. माझ्या ओठावर आलं होतं. पण नाही बोललो.

का, ते सांगतो. मी फौजेत मेडिकलचा शिपाई. लढाईआधी आमची तुकडी सरहद्दीजवळच्या निर्वासितांच्या छावणीत होती. पलीकडून माणसं चिखल तुडवत येत होती, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन. एकेका ताडपत्रीखाली पाच-सहा कुटुंबं. त्यात एक म्हातारा मास्तर होता. घर जळालेलं, दोन्ही मुलगे वाटेत गेलेले. तो खोकायचा आणि थुंकी गिळायचा. रक्ताची असली तरी गिळायचा. थुंकलं तर लोक बघतील आणि बाहेर काढतील, म्हणून. मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "किसी को मत बोलना, बेटा."

मी बोललो. बोलायलाच हवं होतं. पण त्याला औषधापाशी न्यायचं सोडून, बाकीच्यांनी कालवा केला म्हणून, मी त्याला छावणीच्या कडेला फाटक्या ताडपत्रीखाली नेऊन टाकलं. पावसात. भाताची थाळी लांबून सरकवली. जन्मभर मला ज्यांनी लांबून पाणी वाढलं, त्यांच्यासारखाच मी वागलो. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पुढं मलाच खोकला लागला. दोन महिने मीही लपवला. मग सहा महिने लष्करी दवाखाना.

म्हणून त्या पुतण्याला रांगेतून उठवायचं मला नको होतं. फेटा मांडीवर होता आणि मला लाज वाटत होती, ती माझीच, त्या मास्तराला टाकल्याची. मग राग आला. उभा राहून सरपंचांना म्हणालो,

"आबा, माझी थुंकी आता साफ हाय, माझ्यापासनं कुनाला रोग लागत न्हाई. डॉक्टरचा कागद खिशात हाय. तुमी मला शिवत न्हाई ते क्षयापायी न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस रं! लय मस्ती आलीया फौजेची."

मी फेटा टेबलावर ठेवला आणि चालू लागलो. आई मागून धावत आली. "आरं, आपल्याला गावात ऱ्हायाचं हाय!" तिचं खोटं नव्हतं.

अजून वर्षभर सुया घ्यायच्या होत्या. मध्येच सोडल्या तर मरण, हे मी लष्करी दवाखान्यात पाहिलं होतं. गावच्या दवाखान्यात कंपाउंडर मला रोज बाहेर लिंबाखाली थांबवायचा. समदी गेली की बघू, म्हणायचा. कधी विसरायचा, आणि मी मुकाट परतायचो. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ आत जाऊन बाकावर बसलो. शेजारच्या दोन बाया उठल्या. उठू देत.

"भाईर थांब म्हनलं न्हवं?"

"न्हाई. सुई हितंच टोचा. रोज हितंच."

मी हललो नाही. शेवटी त्यानं सुई उकळायला ठेवली.

आमच्या महारवाड्यात सखूमावशी चार महिने पदराआड खोकत होती. तिला घेऊन येणार. तिच्यासारखे आणखी असतील, त्यांनाही शोधून आणणार. खोकणारं माणूस कडेला टाकायचं नाही. मी टाकणार नाही, माझ्यादेखत कुणाला टाकू देणार नाही. सगळ्यांना त्या बाकावर बसवणार. जागा पुरली नाही, तर कंपाउंडरनं बाहेर उभं राहावं.