वरचा भाव, खालचा भाव

निवृत्त माणसांकडे पैसे साठोत न साठोत, किस्से मात्र साठतात! वसई पूर्वेच्या एका कारखान्यात आम्ही चौघं जन्मभर राबलो. मी स्टोअरला, राऊत मेंटेनन्सला, इनास आणि रेजिना पॅकिंगला. आता रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की होळी बाजारात बेकरीसमोर जमतो. राऊत आणि मी मिस्साला जात नाही, पण गरम पावाला वेळेवर हजर!

कारखान्यानं एके काळी कामगारांना शेअर दिले होते. बाजारात ते विकले जात नाहीत, म्हणून कपाटात पडून होते. यंदा अचानक पत्र आलं. कंपनी आपलेच शेअर परत घेणार, म्हणजे बायबॅक. दोन आकडे दिले होते, त्यांच्यामधला आपला भाव लिहायचा आणि मूळ सर्टिफिकेट जोडायचं. स्वस्तवाल्यांचे आधी घेणार, पैसे संपले की थांबणार. उरलेल्यांचे कागद पोस्टानं परत.

रेजिना ओरडली, "बायबॅक? कोनाची बाय परत येते रं?"

आम्ही खो खो हसलो आणि मग आठवलं. इनासच्या बायकोला, सेसिलियाला, आख्खं पॅकिंग खातं 'बाय' म्हणायचं. ती दोन वर्षांपूर्वी गेली. इनासच्या घरातले शेअर तिच्याच नावानं घेतलेले. मागं शिक्का मारून इनासच्या नावावर झालेले, पण पुढं ठसठशीत नाव तिचं.

रेजिनानं जीभ चावली. इनासच म्हणाला, "हस गो. बाय असती तर पहिली तीच हसली असती."

*

इनासला ते विकायचे नव्हते. पण मुलीनं फोनवर हट्ट धरला, "पप्पा, पुढं त्या कागदाला कुत्रं विचारणार नाही. फॉर्म भरून पाठवा. शब्द द्या!" त्यानं दिला. इनास शब्द मोडत नाही, हाच त्याचा प्रॉब्लेम.

*

मी सल्ल्यासाठी तुळिंजच्या एका सीएकडे गेलो. तो म्हणाला, "वरचा भाव लिहिलात तर शेअर परत येण्याची रिस्क. खालचा लिहिलात तर स्वस्तात जाण्याची रिस्क. काहीच नाही लिहिलंत तर कागद कुजण्याची रिस्क."

"मग यात बिनरिस्क काय?"

"माझी फी!"

*

जे सीएला जमलं नाही, ते रेजिनानं एका वाक्यात समजावलं. ती पाचूबंदरची, मासळीच्या लिलावात वाढलेली. "पाटी रिकामी करायची असंल तर खालचा भाव बोल. पाटी घरी न्यायची असंल तर वरचा. त्यात काय हाय एवढं?"

इनासनं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. आम्हाला वाटलं, म्हातारा मंद झाला.

*

राऊतनं मग कट रचला. "सगळ्यांनीच वरचा भाव लिहू, कंपनी झक मारत देईल!" नाक्यावरच्या क्रूसासमोर शपथ घ्यायची ठरली. रेजिना म्हणाली, "मी नाय. माजी पाटी रिकामी झाली पायजे." आम्ही तिघांनी घेतली.

महिन्यानं निकाल लागला. माझे शेअर गेले. राऊतचेही गेले.

मी राऊतला विचारलं, "अरे, तू खालचा लिहिलास? शपथ घेऊन?"

"मी हिंदू, मला ती लागत नाही! आणि तू?"

"मीही हिंदूच की!"

हसलो खरे, पण मग लक्षात आलं. शपथ पाळणारा एकटा इनास! आम्ही सरळ सरळ त्याला फसवलं होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

*

रविवारी राऊत माफीसाठी सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, घेऊन आला. इनास काखेत रजिस्टर पोस्टाचं पाकीट धरून आला. राऊत चाचरत म्हणाला, "इनास, चुकलं रे आमचं. तुझे परत आले ना?"

इनासनं आधी सुकेळी घेतली. आरामात खाल्ली. बोटं रुमालाला पुसली आणि रेजिनाकडे वळला.

"रेजिना, तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, कोणाची बाय परत येते?"

आणि पाकीट उंच धरून म्हणाला, "माझी!"