श्रावणजींचा तराजू

पिल्लांच्या शेडमध्ये अंडी मिळत नाहीत, किस्से मात्र रोज टोपलीभर निघतात!

सत्तरच्या दशकात मी नागपुरात पशुवैद्यकीचं एम.व्ही.एस्सी. करत होतो. कोंबडीच्या अर्ध्या पिल्लांना खाद्यातून पुरेसं लायसिन, अर्ध्यांना कमी, असा माझा प्रयोग. लायसिन हे अमिनो आम्ल पिल्लाच्या अंगात तयार होत नाही. ते कमी पडलं की वाढ खुंटते. किती खुंटते, यावर माझी डिग्री अडकली होती. सोबतीला गाइड सर आणि जुने अटेंडंट श्रावणजी.

*

पहिल्याच दिवशी श्रावणजींनी विचारलं, "काहून गा डॉक्टर, या पिल्लायनं काय गुन्हा केला?"

"गुन्हा नाही हो, प्रयोग आहे."

"मंग ज्यायनं गुन्हा केला, त्यायच्यावर करा ना!" आणि बघितलं सरांच्या केबिनकडे.

*

लायसिन कमी असलं की पिल्लू खातं, पण अंगी लागत नाही. ऊर्जा चरबीत जाते, नाहीतर नुसती उष्णता होऊन निघून जाते. हे मी श्रावणजींना समजावत होतो. आमचे सर डबाभर जेवूनही काडीसारखे, आणि राग कायम नाकावर.

श्रावणजी हळूच म्हणाले, "साहेबाच्या डब्यातबी लायसिन कमीच असन!"

*

मे महिन्यात श्रावणजींनी ओली पोती लावली, तीही फक्त कमी लायसिनवाल्यांच्या जाळीला. सर भडकले, "दोन्ही गटांना सगळं सारखं पाहिजे!"

"सारखं पायजे, तं खाणं काहून वेगळं देता?"

सर चहा प्यायला निघून गेले.

*

दर आठवड्याला श्रावणजी पिल्लू तराजूवर ठेवून आकडा सांगायचे, मी लिहायचो. चौथ्या आठवड्यात कमी लायसिनवाला गट भलताच सुधारला. मला काही कळेना. सरांनी चष्मा लावून स्वतः वजनं घेतली. त्या गटातलं प्रत्येक पिल्लू वहीतल्या आकड्यापेक्षा दहा ग्रॅमनं हलकं निघालं!

"सगळं पुन्हा पहिल्यापासून!" सर म्हणाले. महिन्याची मेहनत पाण्यात गेली. मला रडूच यायचं बाकी होतं.

"श्रावणजी, वजन वाढवून का सांगितलं?" सरांनी विचारलं.

"बिचारे इतकी मेहनत करून राहिले, साहेब. थोडक्यासाठी काहून नापास करा?"

"अहो, असं कुठे वाढवून देतात का?" मी म्हणालो.

श्रावणजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"या डॉक्टरले तुमी फिजिओलॉजीत आठ मार्क वाढवून दिले, तवा मी काही म्हटलं काय? मार्कलिस्ट मीच तं नेली होती ऑफिसात!"