शोभाच्या घरातली टिकटिक

हसणार नसाल तर सांगतो. जाऊ द्या, हसालच तुम्ही! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरानं एवढा बावळटपणा केला म्हटल्यावर कोण सोडते?

माह्या बहिणीनं, शोभानं, कोरपन्यात घर बांधलं. वीज केंद्राच्या राखेपासून बनवते न, त्या विटांचं. किती वर्षं भाड्याच्या खोलीत काढली तिनं! वास्तुपूजनाले मी गेलो तं किरणोत्सार मोजाचं यंत्र घेऊनच गेलो. चंद्रपूरच्या प्राध्यापक मित्राचं होतं, दहावीच्या पोरांले दाखवाले आणलेलं. म्हटलं, पाव्हण्यांत जरा भाव खाऊ.

होम पेटला होता. मी यंत्र सुरू करून भिंतीले लावलं. टिक! टिकटिक! टिक!

एकेक टिक म्हंजे एकेक किरण! मी वरडलोच.

"शोभे, ऊठ! भिंतीतून किरणं निघून राह्यले!"

"काय बोलून राह्यला गा दादा?"

"राखेचं काम हे! कोळशातली किरणं राखेत उरते! पहिले लेकरं बाहीर काढा!"

बाप्पा, काय ते पळणं! गुरुजी पळीपंचपात्र टाकून पळाले. भाऊजींच्या एका हातात कलश, दुसऱ्यात चप्पल. शोभा अंगणात मटकन बसली न रडालेच लागली. "आता पाडा लागते का गा हे घर?"

मी घाबरून अंगणात मोजलं. टिकटिक तितकीच. रस्ता ओलांडून कपाशीत शिरलो, मागं सगळे पाव्हणे. तिथीबी तितकीच!

तवा कुठी डोक्यात उजेड पडला. हाच धडा मी दरवर्षी शिकवतो न! ही किरणं सगळीकडंच असते. थोडी जमिनीतल्या दगडांतून, थोडी हवेतून, थोडी पार आभाळापलीकडून. फळ्यावर हजारदा लिहिलं, कानानं कधी ऐकलंच नव्हतं.

सगळे यंत्रापाशी वाकले. मोकळ्या वावरात नुसती टिक... टिकटिक. कुठल्या ताऱ्याकडून निघालेलं काहीतरी इथी, कोरपन्याच्या काळ्या मातीत, पोचून राह्यलं होतं, अन् तेही माणूस जन्माले यायच्या आधीपासून! माह्या अंगावर सर्रकन काटा आला. गुरुजींनी तं हातच जोडले.

शोभानं डोळे पुसले. "म्हंजे माह्या घराले काई नाई?"

"काई नाई वो. ते तं आपल्या अंगातूनबी निघते थोडं थोडं."

आता हे शेवटचं बोलाले कोणी सांगितलं होतं मले?

पूजा पुन्हा सुरू झाली, पंगत बसली. मी आत शिराले गेलो तं शोभा दारात आडवी!

"तू बाहीरच जेव, दादा. तुह्या अंगातून किरणं निघून राह्यले न, इथी लेकरं हायेत!"

सारी पंगत खो-खो हसली. मी अंगणात एकटा, मांडीवर पत्रावळ घेऊन बसलो. अन् बुंदी वाढणाऱ्यानं तं लांबूनच फेकली.