साडेसहा फुटी पलंग

सोमवारी सकाळी अकरा वाजता ड्राफ्ट्समननी कॉम्प्युटरवर आमच्या बेडरूमच्या नकाशात पलंग ठेवला आणि दार उघडताना अर्ध्यावरच अडले. नव्वदच्या दशकात दिल्लीत मयूर विहारला आमच्या सोसायटीचे फ्लॅट व्हायचे होते. मी कमिटीवर होतो, त्यामुळे आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणारे हे मराठी ड्राफ्ट्समन आठवड्यातून दोनदा भेटत.

कुणाच्याही घरी गेले की चहाआधी खिशातला टेप काढून ते फर्निचर मोजत. त्याच मापांच्या आकृत्या त्यांनी कॉम्प्युटरमध्ये साठवल्या होत्या. माझ्या उंच बायकोसाठी केलेला आमचा साडेसहा फुटी पलंगही त्यांत होता. नकाशात खुर्ची ठेवताना तिलाही म्हणत, "चलो, बसा आता."

"यार, पलंग थोडा छोटा कर दो," आर्किटेक्ट म्हणाले. "नक्शे में कौन नापता है?" नकाशा त्याच दिवशी मंजुरीला जायचा होता. नंतर दार हलवता आले नसते.

ड्राफ्ट्समन माझ्याकडे वळले. "पलंग करतो हो छोटा. वहिनींचे पाय कसे छोटे करू?"

मी हसत आर्किटेक्टना ते हिंदीत सांगितले. आर्किटेक्टनी हार मानून हात जोडले.

जेवणाची सुट्टी न घेता ड्राफ्ट्समननी नकाशात प्रत्येक फ्लॅटमधले ते दार नऊ इंच सरकवले. नकाशा साडेचारला मंजुरीला गेला.